सदोष अपील आणि दुष्ट अपील

न्यायप्रक्रियेचा दुरुपयोग म्हणून एखादे अपील न्यायालय दारातच फेटाळून लावते, तेव्हा आम्हांला प्रथम समाधानच वाटते. शब्दांच्या चलाखीने उभे केलेले पोकळ दावे आरंभीच निकालात काढावेत, असे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी १९७७ साली बजावले होते. अपिलांमागून अपिले करून समोरच्याला थकवणारा धनवान पक्षकार आमच्याही परिचयाचा आहे.

परंतु सदोष अपील आणि दुष्ट अपील एकच का? डहाणू-तलासरीतील एखाद्या वारली कुटुंबाचा वनहक्काचा दावा अमान्य झाला, की अपिलासाठी ६० दिवस मिळतात. निकालाचा कागद ऐन लावणीत हाती आला, तर ते दिवस चिखलातच सरतात. नकाशा जोडलेला नाही, सर्व्हे क्रमांक चुकला, अंगठा आहे पण साक्षीदाराची सही नाही, हे दोष खरेच. यात कपट कोठे आहे? कपटालाही वकील लागतो आणि वकिलाला पैसे!

कायदा येथे आमच्यापेक्षा उदार आहे. २०१२ च्या सुधारित नियमांनुसार अपुऱ्या कागदपत्रांचा दावा वरच्या समितीने फेटाळायचा नसून फेरविचारार्थ ग्रामसभेकडे परत पाठवायचा असतो. अंतिमतः दावे फेटाळले गेलेल्यांना वनजमिनीवरून हटवण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १३ फेब्रुवारी २०१९ रोजी दिला आणि २८ फेब्रुवारीला तोच स्थगित केला. दावे फेटाळताना कोणती रीत पाळली, हे आता राज्यांनी सांगायचे होते. प्रश्न असा उलटा फिरला.

१९८७ साली याच न्यायालयाने अनंतनागच्या एका भूसंपादन प्रकरणात, तांत्रिकतेपेक्षा न्याय मोठा मानून, चार दिवस उशिरा आलेले अपील दाखल करून घ्यायला लावले. ते अपील जिल्हाधिकाऱ्यांचे, म्हणजे सरकारचे होते. तीच क्षमा पाड्यावरच्या म्हातारीपर्यंत पोहोचते का, हे आम्हांला विचारावेसे वाटते. लूकच्या शुभवर्तमानातील विधवा न्यायाधीशाकडे पुनःपुन्हा जाते. तिचा अर्ज विहित नमुन्यात होता की नाही, हे लूक सांगत नाही. आज तिच्या फाइलीवर ‘वारंवार तोच अर्ज’ असा शेरा पडला असता.

आपल्या धर्मग्रामांत वकील आहेत, निवृत्त शिक्षक आहेत, कचेरीत आयुष्य काढलेले कारकून आहेत. विरारहून डहाणू रोडपर्यंत २०१३ पासून लोकलही जाते. साठ दिवस संपण्यापूर्वी तो कागद वाचून दाखवायला आमच्यापैकी किती जण त्या गाडीत बसले?