तळं कुणाचं?

न्यू मेक्सिकोची राजधानी सांता फे. तिथून सकाळी गाडी काढली की डोंगरातल्या जुन्या रस्त्याने, वाटेत थांबत, जेवत, दुपार कलताना ताओसला पोहोचता येतं. अंतर शंभर मैलांहून कमी. चिमायो, ट्रुचास, लास ट्रॅम्पास अशी गावं लागतात, मातीच्या भिंतींची जुनी चर्चं लागतात, आणि मागे सांग्रे दे क्रिस्तोच्या रांगा सतत सोबत करतात. अमेरिकेच्या नैऋत्य भागात भटकणाऱ्यांच्या यादीत हा रस्ता असतोच. त्याच्या एका टोकाजवळ एक देवस्थान आहे, जिथली माती कुणीही उचलून न्यावी. दुसऱ्या टोकाला एक तळं आहे, जिथे बाहेरच्या कुणीही जाऊ नये. पवित्र जागा सगळ्यांना खुली असायला हवी का, हा प्रश्न इथे पुस्तकातला राहत नाही.

चिमायोचं सांतुआरिओ १८१६ मध्ये बांधून झालं. बर्नार्दो आबेयता नावाच्या गावकऱ्याला गुड फ्रायडेच्या सुमारास टेकडीपाशी उजेड दिसला, त्याने तिथे उकरलं आणि क्रूसावरच्या ख्रिस्ताची मूर्ती सापडली, अशी कथा आहे. मूर्ती शेजारच्या गावच्या चर्चमध्ये तीनदा नेली, तिन्ही वेळा ती मूळ जागी परत आली. मग तिथेच देऊळ झालं. वेदीच्या बाजूच्या एका ठेंगण्या खोलीत जमिनीला लहानसा खड्डा आहे. भाविक वाकून त्यातली चिमूटभर माती घेतात, दुखऱ्या गुडघ्याला लावतात, घरी आजारी असलेल्यासाठी पुडीत बांधतात, जसा आपल्याकडे अंगारा नेतात. भिंतीला टेकवून ठेवलेल्या कुबड्या दिसतात. जवळच्या बाल-येशूच्या देवळात लोक तान्ह्या मुलांचे बूट वाहतात, कारण तो बाळ रात्री लोकांच्या मदतीला फिरतो आणि त्याचे बूट झिजतात अशी श्रद्धा आहे. खड्ड्यातली माती संपली की डोंगरातून आणून पुन्हा भरली जाते. चर्च ही गोष्ट लपवत नाही. माती आपोआप वाढते असं कुणी सांगत नाही, आणि म्हणून कुणाची श्रद्धाही कमी होत नाही.

ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात हजारो माणसं इथे पायी येतात. काही थेट आल्बुकर्कीहून, म्हणजे नव्वदएक मैल चालून. त्यांना कुणी धर्म विचारत नाही.

जेवायला बहुतेक प्रवासी जवळच्याच ‘रांचो दे चिमायो’त जातात. हारामियो कुटुंबाने १९६५ मध्ये वाडवडिलांच्या घरात हे सुरू केलं. २०१६ मध्ये त्याला जेम्स बिअर्ड प्रतिष्ठानचा ‘अमेरिकाज क्लासिक्स’ सन्मान मिळाला. इथली खासियत म्हणजे लाल मिरचीच्या दाट वाटणात मुरवून शिजवलेलं डुकराचं मांस, आणि बरोबर मध घालून खायची फुगलेली सोपापिया. ‘लाल की हिरवी?’ असं वाढणारा विचारतो. मिरची कोणती घालू, एवढाच अर्थ. पण न्यू मेक्सिकोने हा आपला अधिकृत राज्यप्रश्न म्हणून जाहीर केला आहे. चिमायोची मिरची गावातल्या कुटुंबांनी पिढ्यानपिढ्या बी राखून जपलेली आहे. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांबरोबर मिरची मेक्सिकोतून इकडे वर आली, आणि त्याच शतकात पोर्तुगीजांच्या जहाजांतून गोव्याला उतरली. म्हणूनच मराठी जिभेला हे ताट परकं लागत नाही. शाकाहारी माणसाने मात्र घेवड्याच्या उसळीतही चरबी आहे का, ते विचारून घ्यावं.

पुढे रांचोस दे ताओसचं चर्च. चित्रकार जॉर्जिया ओकीफने रंगवलेलं, छायाचित्रकार अँसल ॲडम्सने टिपलेलं, पाठीमागून किल्ल्याच्या बुरुजांसारखं दिसणारं. दरवर्षी गावकरी एकत्र जमून त्याच्या भिंती नव्याने मातीने लिंपतात. मध्यंतरी सिमेंटचा गिलावा करून पाहिला होता, पण आत ओल कोंडून भिंती खराब होऊ लागल्या, आणि गाव पुन्हा मातीकडे आलं.

मग ताओस प्युब्लो, म्हणजे इथल्या आदिवासींचं गाव. मातीच्या विटांची, एकावर एक रचलेली चार-पाच मजली घरं, नदीच्या दोन्ही काठांना. साधारण हजार वर्षांची वस्ती. १९९२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत. जुन्या तटाच्या आत आजही वीज नाही, नळ नाही. तिकीट काढून आत जाता येतं, कारागिरांकडून मातीची भांडी घेता येतात, भट्टीतला पाव खाता येतो. मात्र कुठल्या दारांपलीकडे जायचं नाही ते स्पष्ट लिहिलेलं असतं, सणाच्या दिवशी फोटो पूर्ण बंद असतात, आणि हिवाळा सरताना काही आठवडे सगळं गावच पाहुण्यांना बंद होतं. गावातून वाहणारी नदी वरच्या डोंगरातल्या ब्लू लेकमधून येते. ताओसच्या लोकांच्या धर्माचा उगम त्या तळ्यापाशी आहे. दर ऑगस्टमध्ये ते तिथे जातात. बाकी कुणी जात नाही.

हा पडदा का आहे, हे इतिहासात दिसतं. १६७५ मध्ये स्पॅनिश गव्हर्नरने प्युब्लोंच्या ४७ धर्मप्रमुखांना पकडलं, काहींना फाशी दिली, उरलेल्यांना फटके मारले. फटके खाल्लेल्यांत पोपे नावाचा एक धर्मप्रमुख होता. त्यानेच ताओसमध्ये राहून १६८० चा उठाव रचला आणि स्पॅनिश सत्तेला बारा वर्षं प्रदेशाबाहेर ठेवलं. पुढे अमेरिकन राज्य आलं. १८८३ च्या नियमांनी आदिवासींचे नाच आणि विधी गुन्हा ठरवले. १९२० च्या दशकातही सरकारी परिपत्रकं त्याच सुराची होती. ज्या लोकांचा देव पाहिला की त्यावर बंदी येते असा अनुभव पिढ्यानपिढ्या आहे, त्यांनी देव झाकून ठेवला, यात आश्चर्य नाही.

तळं तर सरळ गेलंच होतं. १९०६ मध्ये थिओडोर रूझवेल्ट यांच्या सरकारने ते राष्ट्रीय वनात सामील केलं. तिथे तंबू ठोकणारे, मासे धरणारे येऊ लागले. चौसष्ट वर्षं ताओसचे वडीलधारे वॉशिंग्टनला खेपा घालत राहिले. भरपाईचे पैसे त्यांनी नाकारले. तळंच हवं म्हणाले. त्यात एक भयंकर पेच होता. जागा पवित्र का, हे सरकारला पटवल्याशिवाय ती मिळणार नव्हती, आणि ते उलगडून सांगणं म्हणजेच धर्म मोडणं. जेवढं बोलता येईल तेवढंच बोलून ते जिंकले. १५ डिसेंबर १९७० रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी कायद्यावर सही केली आणि ४८,००० एकर जमीन परत आली.

मराठी माणसाला इथे अडखळल्यासारखं होतं, आणि व्हायलाच हवं. तळं, बंदी, आणि बंदीचा आधार जन्म: हे तीन शब्द एकत्र आले की महाड आठवतं. १९२३ मध्ये सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले ठराव मुंबईच्या कायदेमंडळात झाला, पुढच्या वर्षी महाड नगरपालिकेने चवदार तळं खुलं केलं, तरी अस्पृश्यांना तिथे पाणी भरू दिलं जात नव्हतं. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर हजारोंसह तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. त्यानंतर जेवायला बसलेल्या लोकांच्या मांडवावर हल्ला झाला, अन्न मातीत मिसळलं गेलं. मग गोमूत्र आणि शेणाने तळं ‘शुद्ध’ करण्यात आलं. पुढे झालेल्या खटल्यात विरोधकांनी खाजगी मालकी आणि जुनी वहिवाट पुढे केली. उच्च न्यायालयाने ती १९३७ मध्ये फेटाळली. महाडच्या बाजूने उभा राहणारा माणूस ताओसच्या बाजूनेही उभा राहू शकतो का?

राहू शकतो, असं या लेखाचं ठाम म्हणणं आहे. चवदार तळ्यावर जनावरं पाणी पीत होती, परधर्मीय पीत होते. मज्जाव फक्त अशा माणसांना होता, जी त्याच गावची होती, राबत होती, आणि ज्यांचा स्पर्श विटाळ ठरवला होता. त्या बंदीने माणसाला खालचं केलं. ब्लू लेकची बंदी पर्यटकाला खालचं करत नाही. ती ज्यांनी घातली त्यांच्या हाती सत्ता नव्हती. ज्यांच्यावर घातली गेली त्यांनीच आधी तळं हिरावलं होतं. पाणीही कुणाचं तुटत नाही, नदी गावातून खाली रिओ ग्रांदेकडे वाहतच राहते.

जेवणाचा पुरावा याहून मोठा आहे. महाराष्ट्रात बंद देवळाबरोबर बंद पंगत यायचीच. ताओसमध्ये तळं बंद, पण पंगत उघडी. ३० सप्टेंबरला संत जेरोमचा सण असतो. घरच्यांनी आत बोलावलं, की अनोळखी माणूसही जेवायला बसतो. मक्याच्या दाण्यांचं पोसोले, मिरचीचा रस्सा, मातीच्या भट्टीतला पाव. खाऊन झालं की उठायचं आणि पुढच्या पाहुण्यांना जागा करून द्यायची, एवढीच रीत. जो समाज परक्याला आपल्या स्वयंपाकघरात बसवतो, तो त्याला अपवित्र समजत नाही. त्याने फक्त एक गोष्ट स्वतःकडे ठेवली आहे.

पण हा युक्तिवाद इथेच थांबवला तर अप्रामाणिक होईल. चिमायोपासून थोड्याच मैलांवर सांता क्लारा प्युब्लो आहे. तिथल्या ज्युलिया मार्टिनेझ यांनी नावाहो जमातीतल्या पुरुषाशी लग्न केलं. मुलं सांता क्लारातच वाढली, पण १९३९ च्या नियमाने त्यांना सदस्यत्व नाकारलं, कारण बाहेर लग्न करणाऱ्या पुरुषांची मुलं आतली मानली जात, बायकांची नाही. मतदान नाही, आईच्या घराचा वारसा नाही. १९७८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने या वादात हात घालायला नकार दिला: कोण आपलं, हे प्युब्लोच ठरवील. जमातीच्या स्वायत्ततेसाठी तो मोठा विजय होता. मार्टिनेझ यांच्या मुलांच्या वाट्याला मात्र महाडचंच काहीतरी आलं. गावचं असूनही गावाबाहेर.

बाहेरच्याला तळ्यावर जायचा हक्क नाही, हे मान्य करणाऱ्याने याही बाईची बाजू घेतली पाहिजे. दोन्ही ठिकाणी विचारायचं ते हेच की दाराबाहेरचा माणूस दार उघडलं नाही तर काय गमावतो. ताओसच्या वाटेवरून परत फिरणारा प्रवासी एक सुंदर देखावा गमावतो. त्याचं घर, नाव, मान सगळं जिथल्या तिथे असतं. मार्टिनेझ यांची मुलं आईचं छप्पर गमावत होती. आणि प्युब्लोचं दार आतून ठोठावायचा अधिकार त्यांच्या आईला होता, जसा महाडच्या लोकांना महाडमध्ये होता.