कोऱ्या पानापाशी

एक पान डोळ्यांसमोर आणा. कागदाचं नव्हे, रॅममधलं. 4096 बाइटांचं. इतकी छोटी घरं, आणि प्रत्येकात शून्य. घाई नाही. एकेका ओळीवरून नजर फिरवा. शून्य, शून्य, शून्य.

हे पान तुमच्या प्रोग्रॅमने लिनक्सच्या कर्नलकडे मागितलं आणि मिळालं. आता स्वतःला एवढंच विचारा: ते कोरं का आहे?

मला बरीच वर्षं वाटायचं, ही आपली सोय. पाहुण्यापुढे घासलेलं ताट ठेवावं तशी. पण थोड्या वेळापूर्वी याच पानात दुसऱ्या कुणाचा पासवर्ड असेल, अर्धवट लिहिलेलं पत्र असेल. तो प्रोग्रॅम गेला, पान मागे राहिलं. पुसलं ते त्याची झाकली मूठ झाकलेली राहावी म्हणून. शून्यं तुमच्या हातात आहेत, राखण मात्र त्या गेलेल्याची चालली आहे. इथे जरा रेंगाळा.

मग 1 जीबी मागून पाहा. 2,62,144 पानं. कर्नल लगेच हो म्हणतो आणि पुसत काहीच नाही. खरं तर देतही काही नाही. नुसतं वाचत गेलात तर सगळीकडे शून्य दिसेल, कारण ते सगळे पत्ते एकाच सामाईक शून्य-पानाकडे वळवलेले असतात. पहिलं अक्षर लिहायला गेलात की पेज फॉल्ट होतो, म्हणजे काम अडून कर्नलला हाक जाते, खरं पान शोधलं जातं, पुसलं जातं, मग हाती येतं. उधारीचा हा व्यवहार मला फार आवडतो. विंडोजची रीत निराळी. तिथे शून्य प्राधान्याचा एक थ्रेड असतो. सगळ्यांची कामं आटोपली की तो पानं पुसून ठेवतो, रात्री जेवणं झाल्यावर ओटा आवरावा तसा.

आता उंबरठ्याच्या आत, म्हणजे तुमच्याच प्रोग्रॅमच्या आत या. मॅलॉककडे, म्हणजे तिथल्या मेमरी वाटणाऱ्या ॲलोकेटरकडे, 64 बाइट मागा, काही लिहा, फ्री करून जागा परत द्या, पुन्हा 64 मागा. बहुधा तीच जागा परत येते. आजच्या ग्लिबसीत, म्हणजे लिनक्सवरच्या नेहमीच्या सी लायब्ररीत, 64-बिट यंत्रावर, पहिल्या 16 बाइटांत ॲलोकेटरने मोकळ्या जागांच्या साखळीसाठी आपली खूण केलेली असते. उरलेले 48 जसेच्या तसे, तुमच्याच अक्षरात. घरच्या घरात कोण कशाला पुसतंय? कोरंच हवं असेल तर कॅलॉक आहे. तोही धूर्त, जागा कर्नलकडून नुकतीच आलेली असली तर पुन्हा पुसायचे कष्ट घेत नाही.

पण घराला दार असतं. 2014 च्या एप्रिलमध्ये इंटरनेटवरचं बोलणं गुप्त ठेवणाऱ्या ओपनएसएसएल या लायब्ररीतली हार्टब्लीड ही चूक उघड झाली. बाहेरच्याने चार अक्षरं पाठवायची आणि लांबी खोटी, मोठी सांगायची. सर्व्हर भाबडेपणाने आपल्याच मेमरीतले 64 केबीपर्यंत बाइट परत धाडायचा. न पुसलेलं सगळं त्यात.

तर मग आपणच पुसू, असं मनात आलं ना? फ्री करण्याआधी शून्यं भरू. कंपायलर ते पाहतो, विचार करतो की ही शून्यं पुढे कुणी वाचणारच नाही, आणि ती ओळ गुपचूप गाळून टाकतो. त्याचं काहीच चुकलेलं नाही, हे मान्य करायला मला वेळ लागला. कुणी पाहणार नसताना केलेलं पुसणं त्याच्या हिशेबात कामच नव्हे. म्हणून एक्स्प्लिसिट बीझिरो नावाचं वेगळं फंक्शन करावं लागलं, ज्याला हात लावायची कंपायलरला मुभा नाही.

शेवटी, आज तुम्ही बंद केलेला एखादा प्रोग्रॅम आठवा. त्याची पानं कर्नलकडे परत गेली. ती परत येताक्षणी पुसायची सोय 2019 सालच्या लिनक्स 5.3 पासून आहे, पण सहसा कुणी ती चालू करत नाही. तेव्हा ती पानं आत्ता, या क्षणी, लिहिलेल्या अक्षरांसकट तशीच पडून असतील. दुसरं कुणी मागेपर्यंत.