तिकिटावरची अमानत

टपाल तिकीट म्हणजे काय, असे आम्ही वर्गात विचारतो तेव्हा मुले म्हणतात, "पत्राचे भाडे." उत्तर बरोबर आहे, पण अर्धे. भाडे आधी घेतलेले असते, काम अजून व्हायचे असते. म्हणजे तिकीट ही जशी पावती, तसाच तो वायदाही आहे. मग ज्या तिकिटावर सरकार एखाद्या संपत चाललेल्या पक्ष्याचे चित्र छापते, तिथे वायदा कोणाशी होतो? पत्र पाठवणाऱ्याशीच, की त्या पक्ष्याशीही?

१९८८ साली भारतीय टपाल खात्याने जर्डनच्या धाविक पक्ष्याचे तिकीट काढले. हा पक्षी आंध्र प्रदेशातील कडप्पा भागाच्या झुडपी रानातला. मद्रासच्या फौजेतील डॉक्टर जर्डन यांचे नाव त्याला मिळाले. १९०० नंतर तो कोणा अभ्यासकाला दिसला नाही आणि नामशेष झाला असे धरले गेले. जानेवारी १९८६ मध्ये मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मोहिमेत तो रेड्डीपल्ली गावाजवळ पुन्हा सापडला. डॉ. सलीम अली तेव्हा नव्वदीला टेकले होते. पक्षी हाती लागला तो स्थानिक माणसाच्या, रात्रीच्या वेळी. तो रात्री हिंडणारा. दिवसा शोधणाऱ्याला कसा भेटणार? तेलुगू गावकऱ्यांना तो 'कलिवि कोडी' म्हणून माहीत होता. जग ज्याला हरवलेला म्हणत होते, त्याला गावात नाव होते. हाती आलेला तो पक्षी मात्र जगला नाही.

तिकिटे जमवणारा दुर्मिळ तिकिटाला जास्त पैसे मोजतो. तो बाजाराचा न्याय आहे. पण जिवाला तोच न्याय लावावा का? कलिवि कोडी जेव्हा रानात भरपूर असेल, तेव्हाही तिचा जगण्याचा हक एवढाच होता. कमी उरली म्हणून तिचा भाव वाढला, मोल वाढले नाही. भाव आपण ठरवतो; मोल आपल्या आधीपासून असते.

आता अवघड प्रश्न. याच भागातून तेलुगू-गंगा कालवा जातो. कृष्णेचे पाणी रायलसीमेच्या शेतांना आणि तहानलेल्या चेन्नईला नेणारी ही योजना. चेन्नईच्या पाण्यासाठी १९७६ च्या करारात महाराष्ट्रानेही आपल्या वाट्यातले ५ टीएमसी पाणी देऊ केले होते. तहानलेल्याला पाणी देणे हे पुण्यच. मग माणूस मोठा की पक्षी?

हा प्रश्नच आम्हाला चुकीचा वाटतो. २००५ साली कालव्याचे खोदकाम पक्ष्याच्या रानात शिरले, तेव्हा अभ्यासकांनी आवाज उठवला, काम थांबले आणि कालव्याचा मार्ग बदलला गेला. कालवा रद्द झाला नाही, त्याची वाट बदलली. अर्थात वळणाला खर्च येतो, कोणाची तरी जमीन जाते. तो भार एकट्या शेतकऱ्यावर टाकून आपण पक्षिप्रेमी म्हणवून घेणे हाही अन्यायच. वायदा सर्वांच्या नावाने केला असेल, तर त्याची किंमतही सर्वांनी मिळून द्यायला हवी.

त्यानंतर बरीच वर्षे या पक्ष्याची खात्रीची नोंद झाली नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये आंध्रातच त्याची हाक पुन्हा ऐकू आली, नोंदली गेली. म्हणजे वायदा पाळण्याची संधी अजून आहे.

दुसऱ्याची वस्तू आपल्याकडे असते तेव्हा तिला अमानत म्हणतात. अमानत सांभाळणारा ती नाहीशी होण्याची वाट पाहत नाही आणि नाहीशी झाल्यावर तिची तसबीर भिंतीवर लावून सुटतही नाही. ज्या पक्ष्यांचे तिकीट अजून निघालेले नाही, जे आपल्या शेताच्या बांधावर, गावच्या झुडपांत आजही सहज दिसतात, त्यांचाही हिशेब आपल्याकडेच आहे. मुलांना आम्ही आधी त्यांची नावे विचारतो; तिकिटावरच्या पक्ष्याचे नाव नंतर.