बघता येतं, तरी

दवाखान्यात काम करणाऱ्या माणसाशी लग्न ठरलं की घरचे खूश होतात. नंबर लवकर लागेल, डॉक्टरांशी कोणीतरी आपलं दोन शब्द बोलेल. यात वावगं काही नाही. पण ज्या दोघांचं नुकतं जमू लागलंय, त्यांच्यात यामुळे थोडं पारडं झुकतं. त्याची शुगर, तिचं थायरॉईड, कॉलेजात असताना घेतलेल्या झोपेच्या गोळ्या, एका वाईट वर्षात गाठलेले मानसोपचारतज्ज्ञ, हे सगळं केसपेपरवर असतं. दोघांपैकी एकाला तो केसपेपर नाव टाकताच समोर दिसू शकतो. दुसऱ्याला मात्र समोरचा सांगेल तेवढंच कळतं.

ओळखीतली एक मुलगी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. साखरपुडा झालाय, लग्न दिवाळीनंतर. होणारा नवरा ऑफिसच्या तपासण्यांसाठी उपाशीपोटी नेमका तिच्याच लॅबमध्ये येऊन उभा राहिला. तिने हसून त्याला बसायला सांगितलं आणि शेजारच्या सहकाऱ्याला म्हणाली, ‘याची एंट्री तू कर, रक्तही तूच घे.’ संध्याकाळी रिपोर्ट तयार झाले. यादीत त्याचं नाव होतंच. तिने ती ओळ तशीच सोडली आणि खालच्या आजींचा रिपोर्ट प्रिंटला दिला. रात्री त्याचाच फोन आला, ‘बी-ट्वेल्व्ह कमी आलंय गं.’ तिला कळलं ते तेव्हा. मोठ्या हॉस्पिटलांत बहुधा प्रत्येकाचं लॉगिन वेगळं असतं, कोणाची फाईल कोणी कधी उघडली याची नोंद राहते. तिच्या लॅबमध्ये एकच कॉम्प्युटर, आणि पासवर्डची चिठ्ठी मॉनिटरलाच चिकटवलेली! तिने रिपोर्ट उघडला असता तर कुणाला पत्ताही लागला नसता. अशा वेळी माणूस वाईट हेतूने बघतो असंही नाही. बहुतेकदा काळजीपोटीच बघतो. पण काळजी असेल तर विचारता येतंच की. ‘रिपोर्ट काय आला रे?’ एवढं पुरतं. मग सांगायचं किती, आज की उद्या, हसत की जरा धीर गोळा करून, हे ज्याचं दुखणं त्याच्याच हातात राहतं. त्याने फोन करून आपणहून सांगितलं, याचा तिला केवढा आनंद झाला होता. आधीच वाचून ठेवलं असतं, तर फोनवर नवल वाटल्याचं नाटक करावं लागलं असतं.

आता कोणी म्हणेल, लग्न करायचं तर लपवाछपवी कशाला? रास्त आहे. जोडीदाराच्या जिवाशी ज्याचा संबंध आहे, ते लग्नाआधी सांगायलाच हवं. १९९८ साली सर्वोच्च न्यायालयासमोर असंच एक प्रकरण आलं होतं. रक्तदानाच्या वेळी एका माणसाला एचआयव्ही असल्याचं निघालं, हॉस्पिटलमधून ते बाहेर गेलं आणि त्याचं ठरलेलं लग्न मोडलं. तो न्यायालयात गेला. न्यायालयाने त्याचा खाजगीपणा मानला, पण होणाऱ्या बायकोच्या जिवाचं पारडं जड ठरवलं. पुढे २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने वाट अधिक नीट आखून दिली. आधी त्या माणसाला समजावून त्यानेच जोडीदाराला सांगावं असं बघायचं. तो सांगणारच नाही अशी खात्री झाली, तर डॉक्टरांनी किंवा समुपदेशकाने तसं त्याच्या कानावर घालून मग जोडीदाराला समोर बसवून सांगायचं. म्हणजे अगदी निकडीच्या वेळीसुद्धा पहिला मान त्याचाच. चोरून स्क्रीन बघणाऱ्याला यात कुठेच जागा नाही, मग तो कितीही जवळचा असो. आणि कुणाला आपलेच कागद हवे असतील, तर त्यासाठी होणाऱ्या बायकोला भरीला घालायची गरज नाही. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या नियमांप्रमाणे पेशंटने मागितल्यावर त्याची कागदपत्रं ७२ तासांत द्यायची असतात. साधा अर्ज करायचा, कागद घ्यायचे, आणि वाटलं तर दोघांनी चहा घेत सोबत वाचायचे.

खरं तर अशा मुलामुलींना मोहात पाडतो ते आपणच, नातेवाईक. सून नर्स असली की आठवड्यातून एकदा तरी कोणी ना कोणी सहज विचारतं, ‘अगं, त्या समोरच्यांची मुलगी तुमच्याकडे ॲडमिट होती ना, काय झालं होतं तिला?’ स्थळ बघताना तर चौकशीला ऊतच येतो. परवा त्या लॅबवाल्या मुलीला तिच्या मावशीचा फोन आला. धाकट्या बहिणीसाठी एक मुलगा सांगून आला होता, आणि त्याचं रक्त म्हणे हिच्याच लॅबमध्ये तपासलं होतं. ‘जरा बघ ना, काही नाही ना त्याला.’ ती म्हणाली, ‘मावशी, मी माझ्या होणाऱ्या नवऱ्याचाही बघितला नाही, याचा कसा बघू? रविवारी तो येणारच आहे ना, धाकटीलाच विचारू दे त्याला. आणि तिच्या डोक्याच्या गोळ्यांचंही तिलाच सांगू दे.’ मावशी जरा गप्प झाल्या. मग म्हणाल्या, ‘बरं बाई, रविवारी पोह्यांना तू लवकर ये.’