गाडीनं गेलेल्याचं पुण्य

अमरावतीला रेल्वे आली ती कापसासाठी. 1853 मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेलं, 1867 मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वे नागपूरला पोचली. तिची मुख्य लाइन बडनेऱ्यावरून गेल्यामुळे कापसाच्या या पेठेसाठी तिथून शहरापर्यंत फाटा काढावा लागला. पण ज्या लाइनीवरून गाठी मुंबईला गेल्या, तिच्याच फलाटांवर गळ्यात तुळशीमाळ आणि काखेत पडशी घेतलेली माणसं थर्ड क्लासच्या तिकिटासाठी उभी राहू लागली. आजही आषाढीला अमरावतीहून पंढरपूरसाठी खास गाड्या सुटतात. मग जिल्ह्यातल्याच कौंडण्यपूरहून रुक्मिणीच्या पालखीबरोबर महिनाभराहून अधिक चालणाऱ्याच्या मानानं गाडीनं जाणाऱ्याची वारी हलकी ठरते का? गांधीजींचा ‘हिंद स्वराज’मधला (1909) रोख तसाच आहे: पूर्वी मोठ्या कष्टानं तीर्थाला जावं लागे म्हणून खरे भक्तच जात, रेल्वेनं लबाडांचीही सोय केली.

मला हे पटत नाही. कष्ट हीच भक्तीची कसोटी असती, तर पंढरीत सर्वांत आधी आत घेतले गेले असते ते अस्पृश्य वारकरी. तेही तेवढंच चालत, उपाशी राहत, पावसात भिजत. आणि 1947 पर्यंत देवळाच्या बाहेरच थांबत. त्यांच्या पायांवरच्या फोडांचा हिशेब कुणी धरला नाही. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी जन्मलेल्या गाडगेबाबांनी कष्ट ही कसोटी नव्हे हे नेमकं ओळखलं होतं. पंढरपुरात त्यांनी चोखामेळा धर्मशाळा बांधली, थकल्याभागल्याला पाठ टेकायला जागा केली. यात्रेकरूचे हाल कमी करणं हाच त्यांचा धर्म होता. स्टेशन काही समतेचं मंदिर नव्हतं; हिंदू पाणी आणि मुसलमान पाणी तिथंही वेगळं होतं. तरी म्हातारी, लंगडा, लेकुरवाळी आणि चार दिवसांवर मजुरी बुडवू न शकणारा मजूर यांना पंढरी दिसली ती तिकिटामुळेच. चालण्यानं दिंडीत जो एकोपा घडतो तो डब्यात घडत नाही, हे मान्य. पण ती चालण्याची थोरवी झाली. न चालणाऱ्याच्या भक्तीत त्यानं उणेपणा येत नाही.

गाडीच्या वारीवरचा खरा अवघड आक्षेप अकोल्याच्या फलाटावर उभा राहतो. इथून मीटरगेज गाडी अकोट, धुळघाट करत मेळघाटातून खांडव्याला आणि पुढे ओंकारेश्वराच्या यात्रेकरूंसाठीच्या ओंकारेश्वर रोड स्टेशनला जाई. धुळघाटजवळ चढ चढताना रूळ स्वतःलाच वळसा घालून वर येत. अकोटपर्यंत ब्रॉडगेज झालं. त्यापुढचा जुना मार्ग मेळघाट व्याघ्र प्रकल्पातून जातो, म्हणून तो रुंद करण्यावरून वाद पेटला. इथं भाविकाच्या सोयीची किंमत जंगलाला मोजावी लागणार होती. कष्टाला धार्मिक मोल असेलच तर ते इथं आहे, कारण हे कष्ट दुसऱ्या जिवाला वाचवतात. जंगलाबाहेरून जाणारा लांबचा मार्ग पत्करून ओंकारेश्वराच्या भक्तानं गाडीत जास्त वेळ बसावं, एवढी मागणी त्याच्या श्रद्धेकडे करायला मला संकोच वाटत नाही.