एक माप आणि अनेक माणसे

सर्वांना एकच माप लावणे म्हणजे न्याय, अशी आपली समजूत असते. सरकारी कचेरीत बारा वर्षे अर्ज तपासण्यात घालविलेल्या माझ्यासारख्या कारकुनाला तर ती विशेष प्रिय. परंतु महादेवपुऱ्यातील एका दवाखान्यात आईसह बसलो असता ती डळमळली.

शेजारी आसामातून आलेला एक पहारेकरी होता. त्याचा मधुमेह आटोक्यात येत नव्हता. "कितीदा सांगितले, ही माणसे ऐकतच नाहीत," असे परिचारिका म्हणाली आणि मी मान डोलावली. आईने मात्र मोडक्यातोडक्या हिंदीत त्याला विचारले, "जेवतोस केव्हा?" तेव्हा कळले की तो रात्रपाळी करतो. न्याहारीपूर्वीची गोळी घेऊन तो सकाळी उपाशीच निजे. मग घाम फुटे, हातपाय कापत. त्या भीतीने त्याने गोळीच सोडली होती. हे त्याला कोणी विचारले नव्हते.

माप सारखे असूनही अन्याय कसा होतो, याचा एक दाखला प्रसिद्ध आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचीच तुलना मांडली. उंचीच्या मानाने वजन दाखविणारा निर्देशांक दोघांचाही २२.३; परंतु मेद युडकिन यांच्या देहात ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या देहात २१.२ टक्के! युरोपीय देहांवरून ठरलेली २५ ची मर्यादा कृश दिसणाऱ्या भारतीयाला निर्धास्त ठेवीत होती. २००९ साली भारतीय तज्ज्ञांनी आपल्यासाठी ती २३ वर आणली.

मग प्रत्येक वंशाला निराळे माप द्यावे काय? काही अंशी द्यावेच. पण तेवढ्याने भागत नाही. 'भारतीय' हाही अखेर एक रकानाच आहे. त्यात माझी आई बसते, तो पहारेकरीही बसतो. त्यांचे ताट निराळे, झोपेची वेळ निराळी. याज्ञिकांनी भेद मानला तो मोजून. आम्ही मानला तो चेहरा पाहून. पहिल्यातून ज्ञान उपजते, दुसऱ्यातून तुच्छता.

या शहरात मीही परकाच. माझ्याविषयी कोणी 'ही माणसे' म्हटले असते, तर मला ते झोंबले असते. तरीही माझी मान डोलली. पूर्वग्रहाला दुष्टपणा लागतोच असे नाही. प्रश्न विचारण्याचा कंटाळा त्याला पुरतो.