शस्त्रसंग्रह आणि स्मरणाचे ऋण

संग्रहाची वृत्ती मनुष्याच्या ठायी उपजतच असते. कोणी नाणी जमवितो, कोणी ग्रंथ, कोणी जुनी घड्याळे. या छंदांत दोष आहे असे कोणी म्हणणार नाही. परंतु जी वस्तू माणसास मारण्याकरिताच निर्माण झाली, ती केवळ जुनी झाली म्हणून नाण्यांच्या पंक्तीत बसू शकते काय? अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धातील सबमशीनगन जमविणारे अनेक गृहस्थ आहेत. त्यांच्या छंदाच्या निमित्ताने या प्रश्नाचा विचार करू.

'स्टेन' या ब्रिटिश बंदुकीचेच उदाहरण घ्यावे. १९४० साली डंकर्कहून माघार घेताना ब्रिटिश सैन्यास विपुल युद्धसामग्री मागे टाकावी लागली. आक्रमणाचे संकट दाराशी होते. शस्त्रे त्वरित आणि अल्प खर्चात हवी होती. १९४१ मध्ये शेफर्ड आणि टर्पिन यांनी ही बंदूक सिद्ध केली. पोलादी नळी, पत्र्याचे दाबून काढलेले भाग आणि थोडे वेल्डिंग, एवढीच तिची घडण. तिचा एक प्रकार तर लाईन्स ब्रदर्स या खेळणी करणाऱ्या कंपनीने बनविला. एकंदर सुमारे ४० लाख स्टेन तयार झाल्या. त्या जतन कराव्यात असे तेव्हा कोणाच्या मनातही नव्हते.

आज अमेरिकेत हीच ओबडधोबड वस्तू हजारो डॉलरला विकली जाते. हे मोल आले कोठून? तेथील १९३४ च्या कायद्याने अशा बंदुकांची नोंदणी व २०० डॉलर कर आवश्यक केला. पुढे १९ मे १९८६ नंतर नव्या स्वयंचलित बंदुकांची खासगी मालकीसाठी नोंदणीच बंद झाली. संख्या गोठली, म्हणून किंमत चढली. म्हणजे या मोलाचा मोठा भाग वस्तूच्या गुणात नाही. ती दुसऱ्यास मिळू शकत नाही, यात आहे. लोभाचे हे सूक्ष्म रूप प्रत्येकाने ओळखून ठेवावे.

संग्राहकाचे म्हणणेही न्यायाने ऐकले पाहिजे. तो म्हणेल, "मी इतिहास राखतो. लोखंड जड आहे. पाप असेल तर ते चालविणाऱ्या हाताचे." हे खरे आहे. याच बंदुकांनी पराधीन देशांतील लोक अत्याचाऱ्यांशी लढले. शस्त्राचा सरसकट धिक्कार करणे हा विचार नव्हे.

पण इतिहास राखावयाचा तर तो संपूर्ण राखावा. २७ मे १९४२ रोजी प्राग शहरात योसेफ गाबचिक याने नाझी अधिकारी हायड्रिख याच्यावर स्टेन रोखली. ती चाललीच नाही. त्याचा सहकारी यान कुबिश याने बॉम्ब टाकला आणि त्या जखमांनी हायड्रिख ४ जूनला मेला. सूड म्हणून १० जून रोजी लिदित्से या गावातील १७३ पुरुषांना नाझींनी गोळ्या घातल्या आणि गाव जाळले. या हत्याकांडाचा दोष सर्वस्वी ते करणाऱ्यांचा. तथापि यावरून एवढे दिसते की, शस्त्र हाती घेणे मनुष्याच्या स्वाधीन असले, तरी पुढे जे घडते ते त्याच्या स्वाधीन नसते. मग हेतू कितीही न्याय्य असो.

आता ज्याच्या कपाटात स्टेन आहे, त्यास तिचा क्रमांक, कारखाना आणि आजचा भाव मुखोद्गत असेल, परंतु लिदित्सेचे नावही ठाऊक नसेल, तर त्याने इतिहास राखला असे कसे म्हणावे? त्याने केवळ लोखंड राखले. वस्तूबरोबर तिच्या स्मृतीचे ऋणही मालकाकडे येते. घरातील मुलाने "हे काय आहे?" असे विचारले असता जो प्रथम किंमत सांगतो, तो वस्तूचा मालक नसून तिचा दास होय. जो तिच्यामुळे वाचलेल्यांची आणि मेलेल्यांचीही कथा सांगतो, आणि वेळ येताच ती संग्रहालयास देऊ शकतो, त्याचा संग्रह निर्दोष मानण्यास हरकत नाही.

आपल्या घरी बंदूक नसेल. पण जपून ठेवलेले काही ना काही असतेच. ते कोणाच्या कष्टातून अथवा दुःखातून आपल्यापर्यंत आले, हे आपणांस सांगता येते काय? आणि उद्या ते सोडावे लागले, तर मन शांत राहील काय? कपाट उघडताना हे दोन प्रश्न प्रत्येक गृहस्थाने स्वतःस विचारावेत.